ऐंशी मैलांच्या गाडीचे टायर

“चला बाप्पा, आजबी आपणच समोर. ऐंशी मैलाची मोटार मांगं, अन्‌ वाट दाखवाले कोन? तर मोऱ्या अन्‌ बांड्या. तुमाले पगार पाह्यजे बे, पगार.”

मुखरू रेंगीला बैल जुंपता जुंपता मोऱ्याच्या कानाशी कुरकुरत होता. त्याची पाठ अंगणाकडे होती. त्यामुळे मागे हातभरावर इंदुताई मोटारीत येऊन बसल्या आहेत, हे त्याला दिसलं नाही. मोटारच तशी ठेंगणी होती. तिच्यात बसलेलं माणूस उभ्या माणसाच्या कमरेशी येई. ती घरी आल्यापासून इंदुताई गावातल्या लोकांना चेहऱ्यांपेक्षा धोतरांवरून ओळखायला शिकल्या होत्या.

त्यांनी ऐकलं आणि पदर तोंडाला लावला. खरं तर मुखरूला रागवायला हवं होतं. पण रागवायचं म्हणजे तो काय बोलला ते पुन्हा बोलून दाखवायला हवं, आणि जामहेटी गावात इतक्या दिवसांत कोणी ते मोठ्यानं म्हटलं नव्हतं. सुरुवात घरच्याच बाईनं कशाला करायची? त्या नुसत्या खोकल्या. मुखरूनं वळून पाहिलं आणि जीभ चावली.

“तपन जोराची हाय आज, बाई,” तो घाईघाईनं म्हणाला.

“हाय खरी,” इंदुताई म्हणाल्या. “बैलाले पानी पाजलं नं? का पगारच देतं?”

मुखरू लाजून जुवाची दोरी उगाच पुन्हा आवळायला लागला.

घरची रीत अशी होती. इंदुताईंचे यजमान भैयाजी यांची हिरवी मोटार कुठेही निघाली, की तिच्यापुढे रेंगी निघायची. रेंगी म्हणजे हलकी बैलगाडी, दोघं बसतील एवढीच, पण पळायला चलाख. ती मुखरू हाकायचा. मागून भैयाजी दोन्ही हातांनी चाक आवळून, पहिल्या नाहीतर दुसऱ्या गिअरात यायचे. का, म्हणून विचारलं तर कारणांना तोटा नव्हता. रेंगी पुढे असली म्हणजे नाल्यात पाणी किती ते कळतं. रेंगीच्या घुंगरांनी गाईगुरं बाजूला होतात. आणि मालगुजाराच्या, म्हणजे गावच्या जमीनदाराच्या, सवारीपुढे कोणीतरी चालायचं, हा तर वाडवडिलांपासूनचा मान. मालगुजारी सरकारनं काढून घेतली होती, पण मान काही कोणी कागदावर लिहून काढून घेतला नव्हता.

मोटार आली होती माजरीहून. तिथल्या कोळशाच्या खाणीला भैयाजी टेकूसाठी सागाच्या बल्ल्या पुरवत. खाणीवरचा गोरा मॅनेजर विलायतेला परत जायला निघाला, तेव्हा ही दोन माणसांची, लांब नाकाची, कापडी टपाची पळवायची गाडी त्यानं भैयाजींच्या गळ्यात घातली. वेगाच्या काट्यावर बोट ठेवून तो म्हणाला, “एटी!” इंग्रजी भैयाजींना येत नव्हतं, पण ऐंशी त्यांना कळले. ते त्यांनी घरी येऊन सांगितले, पारावर सांगितले, पाहुण्यांना सांगितले. चांद्यापर्यंत माणसं म्हणू लागली, जामहेटीच्या भैयाजींकडे ऐंशी मैलांची गाडी आहे.

इंदुताईंना मात्र गाडी दारात आली तो दिवस आठवत होता. साहेबाचा ड्रायव्हर ती पोचवायला आला होता आणि भद्रावतीच्या सडकेवर त्यानं साहेबाच्या सवयीनं ती हाणली होती. भैयाजी शेजारी बसून आले. दाराशी उतरले तेव्हा त्यांचा फेटा मानेत आला होता आणि मिशीचं एक टोक खाली, एक वर. कोणाशी न बोलता ते आत गेले, रांजणातून दोन गडवे पाणी प्याले आणि जमिनीवर बसून राहिले. “लागलं का कुठं?” इंदुताईंनी विचारलं. “नाई बा. चांगली हाय गाडी,” भैयाजी म्हणाले, आणि जमिनीवर हात असा ठेवला, जणू ती पण पळून जाईल.

ड्रायव्हरनं पुढचे आठ-पंधरा दिवस राहून त्यांना गाडी शिकवली आणि तो गेला. त्याच्या पाठोपाठ रेंगी पुढे आली.

आणि हा माणूस काही भित्रा नव्हता हो. त्याचीच तर गंमत. तरुणपणी भैयाजी शंकरपटातले नावाजलेले धुरकरी होते. पट म्हणजे बैलांची शर्यत. फळीएवढ्या छकड्यावर उकिडवं बसायचं, एक हात कासऱ्याला, एक बैलाच्या पाठीवर, आणि दोन्ही बाजूंना माणसांची भिंत. असं भैयाजी हसत हसत हाणायचे. झाडीपट्टीच्या या मुलखात पटाच्या गर्दीतच सोयरिकी जुळतात. इंदुताईंचे वडील पटाला गेले होते बैल पाहायला, आणि आले जावई ठरवून. “धुळीतून येऊन राह्यला होता, अन्‌ दात तेवढे दिसत होते,” असं ते लेकीला सांगत. तेच दात इंदुताईंनी पुढे जन्मभर पाहिले. मोटारीत बसल्यावर तेवढे ते दिसत नसत.

गाव भल्या माणसांचं होतं. भैयाजींची गाडी रेंगीच्या मागून रांगत आली, की पारावरची माणसं एकमेकांकडे बघायची नाहीत. कोणीतरी म्हणायचं, “रस्ताच खराब, काय करील गाडी.” पण हळूहळू सगळ्यांना एकच कारण सोयीचं पडलं. टायर. साहेबानं दिले तेच टायर होते, गोटे झालेले, उन्हानं भेगाळलेले. शेजारचे नानाजी गाडीभोवती फिरून, चाकाला काठी टोचून, दर वेळी तेच म्हणत, “भैयाजी, गाडी पयते हो. पन या टायरावर पयवली नाई पाह्यजे. जीव हाय तर सारं हाय.” भैयाजी गंभीर होऊन मान हलवत. “टायर बदलतो नं एकदा. मंग पाहा.”

आणि टायर बदलत नसत. चैत्रात म्हणत, उन्हाळ्यात रबर वितळते, पाऊस पडू द्या. पावसात म्हणत, नवं रबर चिखलात कशाला घालता, थंडी येऊ द्या. थंडीत पट असत, मंडईची जत्रा असे, पाहुणे असत. इंदुताई सारं ऐकत आणि पोळ्या लाटत. नवे टायर आले की कारण जाईल, हे त्यांना कळत होतं. भैयाजींना कळत होतं की नाही, ते त्यांनी कधी विचारलं नाही.

पण या फाल्गुनात आंब्याखाली उभ्या गाडीचं मागचा टायर आपोआप फुटला. गाडीच्या पाठीवर नुसती कोंबडी बसली होती. कोंबडी ओरडत उडाली, घर धावत आलं, आणि भैयाजी त्या चपट्या चाकाकडे बराच वेळ पाहत राहिले.

इंदुताईंना बरं वाटलं. उघड नाही, मनातल्या मनात. कारण त्यांचं एक काम त्या चाकांवर अडलं होतं.

त्यांची लेक कला चिमूरला दिली होती. जावई शाळामास्तर, सासरा म्हातारा, आणि सासू नाही. पहिलं बाळंतपण माहेरी झालं. आता दुसरं श्रावणात येणार होतं, आणि ते सासरीच व्हायचं होतं, कारण म्हाताऱ्या सासऱ्याला कोणावर टाकून ती येईल? इंदुताईंनी तिथे जायचं ठरवलं होतं. पण आधीपासून जाऊन बसायची सोय नव्हती. लेकीच्या घरी आई महिनाभर ठाण मांडून बसली, तर व्याही तोंडावर बोलणार नाही, पण ताटावर बसताना कळेल. निरोप आला की निघायचं, हीच रीत. आणि श्रावणात धानाचे रोवणे, म्हणजे लावणी, चालू असतात, गावातला एकूण एक बैल भाताच्या बांधीत चिखलणीला असतो, रेंगीचे बैलसुद्धा. सोडून आणले तरी वाटेतल्या काळ्या मातीत आणि नाल्यांत रेंगीला मुक्काम करत जावं लागतं. मागच्या आषाढात कला तापानं पडल्याचा निरोप आला होता. इंदुताई पदर खोचून रेंगीत बसल्या. रेंगी एका नाल्यात आसापर्यंत रुतली. अखेर त्या चिमूरला पोचल्या, तेव्हा ताप उतरून कला जात्यावर डाळ भरडत होती. “आलीस व्हय आई, बस, मी चहा मांडते,” ती म्हणाली. बाळंतपण काही असं थांबून राहणार नव्हतं.

मोटारीनं, चिखल धरणाऱ्या टायरांवर, अगदी हळूहळू गेलं तरी सकाळचं माणूस संध्याकाळी पोचतं. वाटेत दम खायला नको, चारापाणी नको. इंदुताईंनी सगळ्यांना विचारून हे पक्कं करून घेतलं होतं. त्यांना ऐंशी मैल नको होते. त्यांना फक्त रुतायचं नव्हतं. आणि एक मनातलं होतं. चाकं जमिनीला घट्ट धरून आहेत असं भैयाजींना वाटलं, तर कदाचित ते रेंगी पुढे घालायचं सोडतील.

“चिखलाचे घेऊ,” त्या आठ दिवस सांगत होत्या.

“चिखलाचे घेतो नं,” भैयाजी म्हणत होते. आणि लगेच, “पन पयवाची गाडी हाय ते. लोकं काय म्हनतीन, ट्रॅक्टर केला म्हनतीन.”

तर आज ते चांद्याला टायर घ्यायला निघाले होते. फुटलेल्या चाकाच्या जागी जुनं जादाचं चाक लावलं होतं.

भैयाजी धोतराचा सोगा सावरत आले, गाडीला एक प्रदक्षिणा घातली, चारही टायरांना पायानं दाबून पाहिलं आणि चाकामागे बसले. “चाल मुखरू,” ते म्हणाले. घुंगरं वाजली, गाडी गुरगुरली, आणि सवारी निघाली.

गावाबाहेर मोहाच्या झाडांखाली सुकरी भेटली. सुकरी गोंडांच्या टोल्यावरची, म्हणजे वाडीवरची, इंदुताईंची जुनी ओळखीची. रोवण्याला यायची, आणि मोहफुलांच्या दिवसांत टोपलं घेऊन चांद्याच्या बाजाराला जायची. ती टोपलं डोक्यावर घेऊन चालली होती. गाडी तिच्या बरोबरीला आली आणि तशीच बरोबरीला राहिली.

“टोपलं ठेव नं मांगं,” इंदुताई म्हणाल्या. “जागा हाय.”

सुकरीनं चालता चालता टोपलं मागच्या खणात ठेवलं. गाडी थांबवायची गरज पडली नाही. तिला बसायला मात्र जागा नव्हती. म्हणून टोपलं मोटारीतून आणि सुकरी मोटारीशेजारून, अशी दोघं चांद्याकडे निघाली. इंदुताईंच्या दारावर हात ठेवून सुकरी चालत होती आणि बोलत होती. लेकीचं कितवं, श्रावणात कोणत्या पंधरवड्यात, पोटाचा आकार कसा दिसते, खाते काय. सगळं झालं. मोहफुलं औंदा कमी पडली, अस्वलानं अर्धी खाल्ली, तेही झालं. एका चढावर सुकरी थोडी पुढे गेली आणि झाडाला टेकून त्यांची वाट पाहत उभी राहिली.

“सुकरे, कंटाळली नाई का?” इंदुताईंनी विचारलं.

“नाई जी. आज लवकर चालून राह्यलो आपन,” सुकरी म्हणाली. मग तिनं भैयाजींच्या आवळलेल्या मुठींकडे पाहिलं, आणि तीही गावचीच, म्हणून गाडीच्या चाकाकडे पाहून म्हणाली, “टायर झिजले नं, मालक. मंग कशी पयन.”

“बरोबर बोलली!” भैयाजी एकदम खुलले. “पाह्य, इलेबी कळते.”

इंदुताई रानाकडे पाहत राहिल्या. पळस संपत आला होता, चारोळीला फळ धरलं होतं, वारा अंगाला लागत नव्हता पण सावल्या भरपूर होत्या. त्यांना वाटलं, खरं म्हणजे किती छान चाललो आहोत आपण. मोटारीत बसून इतकं सगळं बघायला कोणाला मिळतं? रानातली प्रत्येक चिमणी ओळखीची होईल अशा बेतानं ही गाडी चालते. श्रावणातलं ते एक काम नसतं, तर त्यांनी जन्मभर टायरांचं नाव काढलं नसतं.

वाटेत इंजिन तापलं. ते नेहमीच तापायचं. बैल दमायच्या आधी मोटार दमायची, कारण पळायला जन्मलेल्या त्या इंजिनाला रांगणं सोसत नसे. नाल्याकाठी टोपण उघडून वाफ जाऊ दिली. मुखरूनं बैलांना आणि मोटारीला एकाच बादलीनं पाणी पाजलं. आधी बैलांना. भैयाजींनी मोऱ्याच्या मानेवरून हात फिरवला, त्याच्या कानामागे खाजवलं, आणि त्यांचे दात दिसले.

चांद्याला जटपुरा दरवाजाशी सुकरी टोपलं घेऊन बाजाराकडे वळली. राजेशमचं टायरांचं दुकान तिथून जवळच होतं. राजेशम सिरोंच्याकडचा तेलुगू माणूस, गोल पोटाचा, बनियनवर बसणारा, आणि कामाला चोख. भैयाजींना पाहताच तो उठला.

“या भैयाजी! आवो अम्मा! ऐंशी मैल आली मेरी दुकान पे!” त्यानं गाडीचं नाक थोपटलं. मग दाराशी उभ्या रेंगीकडे त्याचं लक्ष गेलं. “ये बैलगाडी किसकी?”

“आमचीच,” भैयाजी म्हणाले. “तिकडून आली. कामानं.”

मुखरू बैलांच्या पायांकडे पाहू लागला.

राजेशमनं दोन टायर आतून लोळवत आणून उभे केले. एकाच्या अंगावर बारीक सरळ रेघा होत्या, नवी धोतरजोडी असावी तसा तो तुळतुळीत. दुसऱ्याच्या अंगावर बोटबोटभर उंच रबराचे ठोकळे, मध्ये खोल चर.

“हा सडकेचा,” रेघांच्या टायरावर हात ठेवून तो म्हणाला. “पळते मस्त. गरम नाही होत. डांबर, मुरूम, उन्हाळा, सब चालते. पावसात सडकेवर चालते. पण चिखलात गेला ना, अम्मा, तर ओल्या शेवाळावर नवीन चप्पल. आणि हा चिखलाचा. लढाईतल्या जीपचा, सरकारी डिस्पोजलच्या लिलावातून आला, माप बसते. काळी माती, नाला, बांधी, कुठे पण घाला. बाहेर येते.”

इंदुताईंनी ठोकळ्यांच्या टायरावर हात ठेवला. तो गार आणि खरबरीत होता. त्यांना तो एकदम आवडला, एखादी धट्टीकट्टी बाई आवडावी तसा.

“हेच,” त्या म्हणाल्या.

“थांबा अम्मा,” राजेशम म्हणाला. “आधी एक सांगा. गाडी चालवता किती?”

बाहेर बांड्यानं शेपटीनं माशी हाकलली, त्याचाही आवाज आत ऐकू आला.

“किती म्हणजे?” भैयाजींनी विचारलं.

“म्हणजे स्पीड. काटा कुठपर्यंत जाते रोज? कारण हा चिखलाचा टायर आहे ना, पळवला तर घात करते. ठोकळे तापतात. तीस-पस्तीसच्या वर नेला तर एखादा ठोकळा उडून जाते, मग टायर जाते, मग माणूस. म्हणून विचारतो.”

“रस्ता खराब हाय आमच्याकडे,” इंदुताई हळूच म्हणाल्या. “तवा तसं फार जोरात...”

“खराब म्हंजे तसा नाई,” भैयाजी घाईनं म्हणाले. त्यांचा हात मिशीकडे गेला. “मोकळा असला का मंग...” ते थांबले. राजेशम वाट पाहत होता. “पन्नास. साठ. कवा कवा त्याच्यावरबी. गाडीच तशी हाय नं.”

मुखरू बैलाच्या मागे इतका वाकला की दिसेनासा झाला.

राजेशमनं ठोकळ्यांचा टायर सरळ उचलून मागे भिंतीला टेकवला. “मग नाही देणार.”

“काऊन?”

“भैयाजी, साठ मैलावर हा फुटला आणि अम्मा बाजूला असली, तर माझ्या डोक्यावर पाप. सडकेचाच घ्या. दोन्ही कामाचा असा एक मधला टायर असते, पण या मापात येत नाही. तुमची गाडी पळणारी. तिला पळण्याचा टायर.”

“पन चिखल...” इंदुताई म्हणाल्या.

“चिखलात नका नेऊ अम्मा. पावसाळ्यात घरी ठेवा. साहेब लोक ठेवतच होते.”

इतकं ते सोपं होतं. एक वाक्य बोललं की टायर परत पुढे येणार होता. इंदुताईंच्या जिभेच्या टोकावर ते वाक्य आलं होतं. मोठंही नव्हतं. राजेशमभाऊ, हे बैलाच्या मांगं चालवतेत. बस. त्यांनी भैयाजींकडे पाहिलं. पांढऱ्या फेट्याखाली त्यांचं कपाळ घामानं चमकत होतं. ते सडकेच्या टायरावरच्या रेघा बोटानं मोजत असल्यासारखे उभे होते आणि बायकोकडे पाहत नव्हते. एवढा मोठा माणूस, आणि मान मागून लहान पोरासारखी दिसत होती.

शेजारच्या पानठेल्यावरची दोन माणसं ऐंशी मैलांची गाडी पाहायला येऊन उभी राहिली होती. एकानं गाडीवरून हात फिरवला. “भैयाजी, आमाले कवातरी दाखवा नं पयवून,” तो म्हणाला.

“नवे टायर लागू दे,” भैयाजी म्हणाले. पण आवाज नेहमीसारखा लागला नाही. नवे टायर तर समोरच उभे होते.

इंदुताईंनी मनात कलाला पाहिलं, उंबऱ्यावर बसून वाटेकडे पाहणारी. मग शेजारीण असेलच, दाई असेलच, असंही त्यांनी मनात म्हणून पाहिलं. देव करो, आणि निरोप लवकर येवो. मुखरूला सांगून रेंगीला नवा आस घालून घेऊ. बांधीतून बैल मागावे लागतील, तर मागू. त्यांनी पदर खांद्यावर घेतला.

“सडकेचेच द्या, भाऊ,” त्या राजेशमला म्हणाल्या. आवाज त्यांनी हसरा ठेवला. “गाडी पयवाचीच हाय. तिले तेच शोभतेत. श्रावणात मी रेंगीनं जाईन. मले काय, सवय हाय.”

“शाबास अम्मा,” राजेशम म्हणाला आणि दुकानातल्या माणसाला जॅक आणायला आवाज दिला.

भैयाजींनी वर पाहिलं. दुकानात आल्यापासून पहिल्यांदाच त्यांनी नीट इंदुताईंकडे पाहिलं. त्या दुकानाच्या भिंतीशी उभ्या होत्या आणि त्यांचा एक हात मागे भिंतीला टेकवलेल्या त्या ठोकळ्यांच्या टायराकडे नकळत गेला होता. घरातून निघताना आपल्या मागे राहिलेल्या माणसाच्या डोक्यावर ठेवावा, तसा त्यांनी तो क्षणभर त्याच्यावर ठेवला आणि काढून घेतला.

जॅक आला. माणूस गाडीखाली वाकला.

“थांब बे,” भैयाजी म्हणाले.

माणूस थांबला.

“काय झालं?” राजेशमनं विचारलं.

भैयाजींनी फेटा काढला, त्यानं तोंड पुसलं आणि तो काखेत धरला. पानठेल्यावरची माणसं पाहत होती. मुखरू बैलाच्या मागून बाहेर आला होता.

“राजेशम,” भैयाजी म्हणाले, “चिखलाचेच लाव. चारी.”

“अरे पण साठ मैल...”

“नाई चालवत मी साठ.” आता आवाज मोकळा झाला होता, पटात कोणी आडवं आलं की लावायचे तसा मोठा. “साठबी नाई, वीसबी नाई. मी या बैलाच्या मांगं चालवतो. माझी रेंगी हाय ते, कामानं आली नाई, मलेच घेऊन आली. बैलाले डोळे असतेत गड्या, खड्डा दिसला तर तो सोताच पाय आखडते. मी आंधळा झालो तरी तो मले घरी आनते. या मोटारीले डोळे नाईत. इचे डोळे मी. अन्‌ मी...”

ते थांबले. इंदुताई त्यांच्याकडे पाहत होत्या. त्यांनी काहीच केलं नाही, मान हलवली नाही, पदर सावरला नाही, नुसत्या त्यांच्याजवळ एक पाऊल आल्या. आणि भैयाजी, मालगुजाराचे लेक, झाडीपट्टीतले धुरकरी, भर चांद्यात, जटपुरा दरवाजाशी, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले,

“मले भेव वाटते या गाडीचं. पयल्या दिवसापासून वाटते.”